सामायिक विहीर कुणाच्या बांधावर?

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द एकाखाली एक टाइप करून पाहा. पहिल्यात र चा रफार होऊन तो य च्या डोक्यावर बसतो आणि समोर समुद्र येतो. दुसऱ्यात र आडवा होऊन य ला बिलगतो आणि डोंगरांमधल्या दऱ्या येतात. संगणकाच्या स्मृतीत मात्र यातलं काहीच नसतं. तिथे अक्षरांची नुसती रांग असते: द, र, हलन्त, य, काना. दुसऱ्या शब्दात र च्या जागी खाली टिंब असलेला ऱ असतो, बाकी सगळं तेच. रफार कुठे चढवायचा, र कधी आडवा करायचा, ‘कि’ मधली वेलांटी साठवणीत क नंतर असली तरी पडद्यावर क च्या आधी कशी आणायची, ही कामं करणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. फाँटमध्ये आकार असतात. कोणता आकार केव्हा उचलायचा आणि कुठे ठेवायचा, हे हा प्रोग्रॅम ठरवतो.

या प्रोग्रॅमचं नाव हार्फबझ. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस, अडोबीचं फोटोशॉप आणि इनडिझाइन, हे सगळे त्याचा वापर करतात. बाजारात एकमेकांच्या उरावर बसणारी ही मंडळी अक्षरं जुळवण्यासाठी एकाच विहिरीचं पाणी भरतात. ही विहीर कुणी खणली, कुणाच्या जमिनीत खणली आणि तिच्यावरून भांडण का झालं नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. गावाकडे सामायिक विहिरीवरून भाऊबंदकी कशी पेटते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल.

दोन घरं, दोन चुली

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठातला एक विद्यार्थी, मथियास एट्रिश, याने केडीई या प्रकल्पाची घोषणा केली. लिनक्स वापरणाऱ्याला खिडक्या, मेनू, फाइलींचं कपाट असं सगळं एका ठेवणीचं, एकत्र मिळावं, हा हेतू. बांधकामासाठी त्याने नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचं ‘क्यूट’ हे साहित्य निवडलं. साहित्य उत्तम होतं, पण त्याचा परवाना तेव्हा पूर्णपणे मुक्त नव्हता. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना हे खटकलं. मुक्त घराचा पायाच दुसऱ्याच्या मालकीचा कसा चालेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम हा दुसरा प्रकल्प सुरू केला.

पुढे २००० साली क्यूट जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं. वेगळं होण्याचं मूळ कारण संपलं. पण वेगळ्या झालेल्या चुली पुन्हा एक होत नाहीत, हे आपल्याला कुणी सांगायला नको. दोन्हीकडे माणसं जमली होती, सवयी पडल्या होत्या, अभिमान तयार झाला होता. परिणाम असा, की प्रत्येक काम दोनदा होऊ लागलं.

अक्षरजुळणीचंही तेच झालं. फ्रीटाइप नावाचा फाँट वाचणारा एक जुना मुक्त प्रकल्प होता. त्यात ओपनटाइप फाँटमधले जोडाक्षरांचे नियम वाचणारा काही कोड होता. ग्नोमवाल्यांनी तो उचलून मजकूर मांडणाऱ्या आपल्या पँगो या संचात घातला, केडीईच्या बाजूने तो क्यूटमध्ये गेला. दोघांनी आपापल्या प्रतीत आपापले बदल केले. ओपनऑफिस तिसऱ्याच वाटेने गेलं. त्याने आयसीयू नावाचा संच वापरला. म्हणजे एकच फाँट, एकच मराठी शब्द, आणि त्याची मांडणी करणारे कारागीर मात्र तीन. एकाने ऱ्या बरोबर काढला तरी दुसरा तो मोडण्याची सोय होतीच. एखादा दोष सापडला, तर तो तीन दारांवर जाऊन तीनदा सांगायचा. देवनागरी जाणणारी माणसं आधीच मोजकी, त्यात तीन ठिकाणी विभागलेली.

२००६ च्या सुमारास बेहदाद एस्फहबोद या मूळच्या इराणी प्रोग्रॅमरने पँगो आणि क्यूटमधल्या प्रती पुन्हा एकत्र आणायचं काम हाती घेतलं. नाव ठेवलं हार्फबझ. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडं. थोडक्यात, ओपनटाइपचं फारसी रूप. प्रश्न उरला तो ठेवायचं कुठे, हा. ग्नोमच्या सर्व्हरवर ठेवलं तर केडीईवाले पाहुणे ठरणार. केडीईच्या सर्व्हरवर ठेवलं तर उलट. पाहुणा कितीही जवळचा असला तरी तो घराची डागडुजी करत नाही.

बांधावरची जागा

यावरचं उत्तर काही वर्षं आधीच तयार झालेलं होतं. मार्च २००० मध्ये रेड हॅट या कंपनीत काम करणाऱ्या हॅव्हॉक पेनिंग्टनने फ्रीडेस्कटॉप या नावाची एक जागा सुरू केली होती. तिचं आधीचं नाव एक्स डेस्कटॉप ग्रुप, म्हणजे एक्सडीजी. ही आद्याक्षरं आजही लिनक्समध्ये जागोजागी भेटतात. ग्नोम आणि केडीई या दोघांना जे लागतं पण दोघांपैकी एकाचं म्हणता येत नाही, ते इथे ठेवायचं, अशी कल्पना. सुरुवातीच्या काळात तिचे सर्व्हर अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठात होते. फ्रीडेस्कटॉप स्वतःला मानकं ठरवणारी संस्था म्हणवत नाही. ती नुसती जागा देते: या, बसा, बोला, जमलं तर एकच वस्तू वापरा.

हार्फबझ इथे आलं. पीडीएफ दाखवणारं पॉपलरही इथेच वाढलं. त्याची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. २००५ साली एक्सपीडीएफ या जुन्या प्रोग्रॅममधून पॉपलर वेगळं काढलं ते रेड हॅटमधल्या क्रिस्तियान होग्सबर्गने, म्हणजे ग्नोमच्या अंगणातल्या माणसाने. पुढे त्याचा सांभाळ केला तो आल्बर्ट आस्तल्स सिद या केडीईच्या माणसाने. ग्नोमचा एव्हिन्स आणि केडीईचा ऑक्युलर, दोघेही पॉपलर वापरतात. पॉपलर जर ग्नोमच्या नावाच्या पाटीखाली असतं, तर केडीईच्या माणसाच्या हाती किल्ल्या जाणं अवघड झालं असतं. पाटीवर कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून ज्याला वेळ होता त्याच्याकडे काम गेलं. तटस्थ जागेचा खरा फायदा हा.

‘जागा’ म्हणजे नेमकं काय?

‘प्रकल्प कुठे ठेवायचा’ या प्रश्नात खरं तर सहा प्रश्न दडलेले असतात, आणि बहुतेक भांडणं ते एकत्र कालवल्याने होतात. सामायिक विहिरीचंही तसंच असतं. पाणी वेगळं, जमीन वेगळी, मोटार वेगळी, पंपघराची किल्ली वेगळी आणि विजेचं मीटर कुणाच्या नावावर आहे ही बाब तर अगदीच वेगळी. एकेक घेऊ.

पहिली बाब कोडची. ही सर्वांत सोपी. लिनक्सच्या कर्नेलचा कोड काही वर्षं बिटकीपर या खासगी मालकीच्या साधनात ठेवला जात होता. एप्रिल २००५ मध्ये मालकाने मोफत वापराची सवलत काढून घेतली आणि लिनस टोरवाल्ड्सने काही दिवसांत गिट लिहायला घेतलं. गिटची खुबी अशी, की जो कुणी प्रकल्पाची प्रत उतरवून घेतो त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास येतो. मुख्य सर्व्हर उद्या जळाला तरी कुणाच्याही लॅपटॉपवरून तो पुन्हा उभा करता येतो. म्हणून ‘कोड कुठे आहे’ हा प्रश्न वाटतो तेवढा जीवघेणा राहिलेला नाही.

दुसरी बाब परवान्याची. ही जागेच्याही आधी मिटवावी लागते. प्रतिस्पर्ध्यांमधला सर्वांत अडचणीत असलेला कोण, ते पाहायचं आणि त्याला चालेल असा परवाना घ्यायचा. क्यूट मुक्त परवान्यासोबत व्यावसायिक परवान्यानेही विकलं जात होतं. जीपीएलखालचा परका कोड त्यात घातला असता तर ती विक्री अडली असती. म्हणून हार्फबझसाठी एमआयटी घराण्यातला एक जुना, अगदी सैल परवाना निवडला गेला: वापरा, बदला, विका, फक्त मूळ लेखकांची नोंद ठेवा. त्यासाठी जुन्या कोडच्या हक्कदारांची संमती घ्यावी लागली. हे काम कंटाळवाणं असतं, पण ते झाल्याशिवाय बाकीची पाच कामं व्यर्थ.

परवान्याला जोडूनच लेखनहक्काचा मुद्दा येतो. ओपनऑफिसला कोड द्यायचा तर हक्कात सन कंपनीला, आणि पुढे ती विकत घेणाऱ्या ओरॅकलला, वाटा लिहून द्यावा लागे. २०१० साली त्यातून फुटून निघालेल्या लिबरऑफिसने ही अट काढून टाकली. प्रतिस्पर्धी एकाच्या नावे खरेदीखत करून देत नाहीत, हा साधा व्यवहार त्यामागे होता.

तिसरी बाब नावाची. फुटून निघताना लिबरऑफिसवाल्यांना सगळा कोड नेता आला, ओपनऑफिस हे नाव मात्र नेता आलं नाही. ते ओरॅकलकडे राहिलं आणि २०११ मध्ये अपाचे फाउंडेशनकडे गेलं. घर आणि माणसं एकीकडे, सात-बाऱ्यावरचं नाव दुसरीकडे, अशी ती अवस्था होती. म्हणून डोमेन आणि नाव कुणाच्या ताब्यात आहे, हे कोडपेक्षा महत्त्वाचं.

नाव कोडच्या आतही शिरतं, आणि तिथे ते कसं रुतून बसतं हे एका उदाहरणात जवळून पाहू. लिनक्सच्या डेस्कटॉपवर निरनिराळे प्रोग्रॅम डी-बस या तारेवरून एकमेकांना निरोप धाडतात. डी-बस हासुद्धा फ्रीडेस्कटॉपवरचाच सामायिक प्रकल्प. केडीईमध्ये आधी डीकॉप नावाची अशी तार होती. तिच्यापासून धडा घेऊन डी-बस घडवलं गेलं आणि २००८ मध्ये केडीईच्या चौथ्या आवृत्तीत त्यानेच डीकॉपची जागा घेतली. डी-बसवर प्रत्येक सेवेला डोमेन उलट लिहून नाव देतात. पडद्याच्या कोपऱ्यात ‘नवी मेल आली’ अशी चिठ्ठी दाखवणाऱ्या सेवेचं नाव आहे ‘ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.नोटिफिकेशन्स’. तटस्थ नाव, ग्नोम, केडीई दोघेही ते पाळतात. आता पट्टीवरच्या छोट्या चिन्हांचं पाहा. आवाज, वायफाय, चॅट यांची चिन्हं दाखवण्यासाठी केडीईने एक चांगली पद्धत तयार करून सर्वांपुढे ठेवली. ती सर्वमान्य व्हावी म्हणून चर्चा झाली, पण एकमत काही झालं नाही. प्रोग्रॅम मात्र तोवर ती वापरू लागले होते. आज अनेक डेस्कटॉप तीच पद्धत वापरतात आणि तिचं नाव अजूनही ‘ऑर्ग.केडीई.स्टेटसनोटिफायरआयटम’ असंच आहे. बदललं तर सगळे जुने प्रोग्रॅम मोडतील, म्हणून बदलता येत नाही. ग्नोमने ती आजवर आपल्या मुख्य घरात घेतलेली नाही. ज्याला हवी त्याने वेगळं एक्स्टेन्शन बसवावं लागतं. नावातलं ‘केडीई’ हे त्याचं एकमेव कारण नाही, रचनेबद्दलचे मतभेदही होते. पण एका घराचं आडनाव लावून जन्मलेली वस्तू सर्वांची होणं किती कठीण, हे त्या एका ओळीत दिसतं.

उलट उदाहरणही आहे. फ्लॅटपॅकसारख्या पेटीत बंदिस्त केलेल्या प्रोग्रॅमना फाइल उघडून देणारी ‘पोर्टल’ ही सेवा फ्रीडेस्कटॉपच्या नावाने चालते, तिचा कोड मात्र गिटहब या व्यापारी साइटवर वाढला. कोडचा पत्ता आणि नावाचा पत्ता वेगळे असू शकतात. तटस्थ असायला हवं ते नाव.

चौथी बाब किल्ल्यांची: मुख्य शाखेत बदल कोण घालू शकतो, नवी आवृत्ती कोण काढतो, नकार कोण देऊ शकतो. पॉपलर, हार्फबझ यांसारख्या प्रकल्पांत हे एखाद्या विश्वासू मेंटेनरवर भागतं. पण जिथे दोन घरांचे थेट हितसंबंध भिडतात तिथे नियम कागदावर लागतात. वेलँड हे त्याचं ताजं उदाहरण. पडद्यावर खिडक्या काढण्याची ही नवी व्यवस्था २००८ मध्ये त्याच होग्सबर्गने सुरू केली. प्रोग्रॅम आणि डेस्कटॉप यांच्यातले करार ठरवायला तिथे सदस्यांची एक पंचायत आहे. ग्नोमचा प्रतिनिधी, केडीईचा प्रतिनिधी, इतर छोट्या डेस्कटॉपांचे प्रतिनिधी. मुख्य नामगटातला करार मंजूर व्हायला किमान ३ सदस्यांचा होकार हवा आणि एकाचाही नकार नको, असा नियम तिथे लिहून ठेवला गेला. ज्यांना इतकं एकमत जमत नाही त्यांच्यासाठी सैल नियमांचा वेगळा नामगट ठेवला. म्हणजे गावाने मान्य केलेला रस्ता वेगळा आणि दोन शेजाऱ्यांनी आपसात ठरवलेली पायवाट वेगळी, दोन्हींना अधिकृत जागा.

याची किंमत वेळात मोजावी लागते. एका नकाराने करार अडतो, चर्चा महिनोन्‌महिने रेंगाळते. २०२४ मध्ये या संथपणाला कंटाळून काहींनी ‘फ्रॉग प्रोटोकॉल्स’ या नावाने एक वेगळा संच गिटहबवर मांडला. तटस्थ जागा वेगवान नसते, आणि ज्यांना वेग हवा ते शेजारी बोअर मारतात. हे गृहीत धरूनच तिकडे जावं.

पाचवी बाब बोलण्याची. बग नोंदी, बदलांवरची चर्चा, ‘हे असं का केलं’ याची कारणं. गिटच्या प्रतीत कोड येतो, ही चर्चा येत नाही. ती ज्या साइटवर झाली तिच्या कपाटात राहते. २०१८ मध्ये ग्नोमने गिटलॅब हे सॉफ्टवेअर आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं. त्याच वर्षी फ्रीडेस्कटॉपनेही बसवलं. २०२० मध्ये केडीईही त्यावर आलं. तिघांनी एकच सॉफ्टवेअर निवडलं, पण तीन वेगळ्या वाड्यांत, तीन वेगळ्या दारांनी. पॉपलरमध्ये एक ओळ दुरुस्त करायची तर केडीईच्या माणसाला फ्रीडेस्कटॉपवर वेगळं खातं काढावं लागतं. तटस्थ जागेचा हा रोजचा त्रास. नवा, हौशी माणूस अशाच एका जास्तीच्या उंबऱ्याशी अडखळून परत जातो.

मीटर कुणाच्या नावावर?

सहावी बाब यंत्रांची आणि बिलाची. हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि विहीर आटते ती बहुधा इथेच.

पूर्वी सर्व्हरचं काम म्हणजे फाइली ठेवणं. आता प्रत्येक बदलानंतर प्रकल्प आपोआप बांधून, हजारो चाचण्या चालवून पाहिला जातो. हार्फबझलाच अशा चाचण्यांचं महत्त्व चांगलं ठाऊक आहे. २०१२ च्या सुमारास त्याची भारतीय लिप्यांची नवी मांडणी तयार होत असताना प्रत्येक भाषेच्या विकिपीडियातले शब्द काढून ते मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइब या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमच्या निकालाशी ताडून पाहिले जात. देवनागरीचे ७ लाखांहून अधिक नमुने होते आणि दुरुस्त्या करत करत चुकणाऱ्यांची संख्या शंभराच्या आत आणली गेली. अशी तपासणी फार उपयोगी असते, पण ती यंत्रं जाळते, आणि यंत्रांचं बिल येतं.

फ्रीडेस्कटॉपने गिटलॅब गूगलच्या क्लाउडवर चालवलं होतं. प्रकल्प वाढले, चाचण्या वाढल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये खर्च उचलणाऱ्या एक्स.ऑर्ग फाउंडेशनने जाहीर केलं, की वर्षाचा खर्च सुमारे ७५ हजार डॉलरवर जातोय आणि प्रायोजक मिळाला नाही तर चाचण्यांची यंत्रणा बंद करावी लागेल. मग काटकसर झाली, इक्विनिक्स कंपनीने यंत्रं देऊ केली, गाडी पुढे सरकली. २०२५ च्या सुरुवातीला इक्विनिक्सने ती सेवाच बंद करायचं ठरवलं आणि फ्रीडेस्कटॉपला काही महिन्यांत बिऱ्हाड हलवावं लागलं. या वेळी ते जर्मनीतल्या हेट्झनरच्या भाड्याच्या यंत्रांवर गेले. दानातली यंत्रं दात्याच्या मर्जीवर असतात. भाड्याची यंत्रं निदान हिशोबात तरी मांडता येतात.

मोठ्या मोफत साइटवर गेलं की हा प्रश्न सुटतो, असं वाटतं. गूगल कोडवर असंच असंख्य प्रकल्पांनी घर केलं होतं. मार्च २०१५ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये दरवाजे मिटले. गिटोरियस २०१५ मध्येच गिटलॅबने विकत घेऊन बंद केलं. मायक्रोसॉफ्टचं कोडप्लेक्स २०१७ अखेर संपलं. याची झळ पुण्यालाही लागली. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेले लोहित फाँट फेडोरा, डेबियन, उबुंटू अशा परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या लिनक्स आवृत्त्यांत वापरले जात. त्यांचं घर मात्र होतं फेडोराच्या ‘फेडोराहोस्टेड’ या साइटवर. २०१७ मध्ये ती साइट बंद झाली आणि लोहितला फेडोराच्याच ‘पॅग्युर’वर नवं बिऱ्हाड करावं लागलं. फाँट वापरणारे अनेक, घरमालक एक. घर पाडायचं की नाही हे एकट्या मालकाने ठरवलं. यात मालकाचं चुकलं असं नाही. एकाच्याच घरी राहिलं की असंच होतं, एवढं खरं.

सरकारी कायदाही घरमालकासोबत येतो. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया आणि क्रायमियातल्या प्रोग्रॅमरांच्या काही सेवा बंद केल्या. इराणसाठी परवानगी मिळाली ती जानेवारी २०२१ मध्ये. सार्वजनिक रेपो, म्हणजे कोडचे साठे, तेव्हाही उघडे होते, पण खासगी रेपो गेले. ज्या प्रकल्पात निरनिराळ्या देशांतली माणसं आहेत त्यांनी साइट निवडताना ती कोणत्या देशाच्या कायद्याखाली चालते हेही पाहावं.

मग काय निवडायचं?

पर्याय मोजून चार आहेत. पहिला, भागीदारांपैकी एकाच्या घरी. सर्वांत स्वस्त, सर्वांत झटपट. काम त्या घरचं आणि बाकीचे नुसते वापरणारे असतील तर चालून जातं. दुसरा, गिटहबसारखी मोठी व्यापारी साइट. नवे लोक तिथे आधीच आहेत, खातं सगळ्यांकडे आहे, बिल शून्य. पण नियम त्यांचे. तिसरा, सभासदांच्या वर्गणीवर चालणारी साइट. बर्लिनमधली कोडबर्ग ही नोंदणीकृत संस्था असं काम करते. चौथा, फ्रीडेस्कटॉपसारखी खास त्या क्षेत्रासाठीची तटस्थ जागा आणि तिच्यामागे पैसा व नाव सांभाळणारं एखादं फाउंडेशन.

हार्फबझने काय केलं ते पाहा. फ्रीडेस्कटॉपवर वाढून मोठं झाल्यावर त्याचा कोड पुढे गिटहबवर गेला, कारण माणसं तिथे होती. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब ७५० कोटी डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं. म्हणजे ज्या युनिस्क्राइबच्या बरोबरीला येण्यासाठी हार्फबझने रक्त आटवलं, त्याच्याच मालकाच्या वाड्यात ते आज राहतं. यावरून कुणी बंड केलं नाही, आणि त्याचं कारण उघड आहे. परवाना सैल आहे, नाव कुठल्याच प्रतिस्पर्ध्याचं नाही, कोडची प्रत सर्वांकडे आहे. वाडा आवडेनासा झाला तर एका संध्याकाळी गाडी भरता येते. मागे राहतील त्या फक्त जुन्या चर्चा.

यातून निघणारा क्रम असा. आधी परवाना ठरवा, सर्वांत अडचणीतल्या भागीदाराला विचारून. मग नाव, ज्यात कुणाचंच आडनाव नाही असं. आणि डोमेन एखाद्या माणसाच्या ईमेलवर न घेता संस्थेच्या किंवा न्यासाच्या नावे घ्या. किल्ल्या किमान तिघांकडे आणि किमान दोन घरांत असू द्या. नकार कोण देऊ शकतो आणि अडलेलं प्रकरण कसं सुटतं, हे गोडीगुलाबी आहे तोवर लिहून ठेवा. भांडण सुरू झाल्यावर लिहिलेला नियम कुणी मानत नाही. कोड जिथे नव्या माणसाला सहज पोचता येईल तिथे ठेवा, पण त्याची आरसाप्रत दुसऱ्या मालकाच्या यंत्रावर रोज जाऊ द्या आणि बग नोंदींची प्रत महिन्याला उतरवून घ्या. बिल किती येतं आणि कोण भरतं, हे वर्षातून एकदा सगळ्यांसमोर वाचून दाखवा. साइट निवडण्याचा प्रश्न या सगळ्यानंतर येतो. लोक नेमके तिथूनच सुरुवात करतात, आणि तिथेच अडकतात.

हे फक्त परदेशी डेस्कटॉपवाल्यांसाठी नाही. मराठी शुद्धलेखन तपासणीचा शब्दसंग्रह, मुक्त फाँट, बोली ओळखण्यासाठी जमवलेली ध्वनिमुद्रणं, शाळांसाठीचे पाठ, ही सगळी कामं एकाहून अधिक संस्थांनी मिळून करण्याजोगी आहेत, आणि आपल्याकडे ती बहुतेकदा प्रत्येकाच्या परसात वेगळी, अर्धवट होतात. अशा कामाला कुणी तुम्हाला बोलावलं, तर होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा: डोमेन कुणाच्या नावे आहे, मुख्य शाखेची किल्ली कुणाकडे आहे, आणि यंत्रांचं बिल कुणाला येतं. तिन्हींचं उत्तर एकच नाव असेल, तर ती विहीर सामायिक नाही. मालक पाणी भरू देतोय, एवढंच.